बोन येथील द्राक्षतोडीची तारीख

श्रोतेहो, मद्याचा विषय नभोवाणीवरून घरांत आला म्हणून वडीलधाऱ्यांनीं यंत्राची कळ लगेच फिरवूं नये. प्यावें कीं पिऊं नये हा माझा आजचा प्रश्न नाहीं. मला सांगावयाचें आहे तें एका तारखेविषयीं, आणि ती तारीख ढळल्यामुळें एका जुन्या धंद्यावर जो प्रसंग ओढवला आहे त्याविषयीं.

फ्रान्स देशाच्या पूर्वभागांत बर्गंडी नांवाचा प्रांत आहे व त्यांत बोन हें लहानसें शहर आहे. भोंवतालच्या उतारांवर पिनो न्वार या काळ्या द्राक्षाची लागवड शतकानुशतकें होत आली आहे. १३९५ सालीं बर्गंडीचा ड्यूक फिलिप यानें गामे ही भरघोस पिकणारी, पण त्याच्या मतें हलकी, जात उपटून टाकण्याचा हुकूम काढला. त्यावरून या बाबतींत तेथील परंपरा किती काटेकोर आहे हें ध्यानांत येईल. या शहरीं द्राक्षें तोडण्यास दरवर्षीं केव्हां प्रारंभ झाला याचा माग १३५४ पर्यंत लागतो. ही नोंद कोणा पंडितानें हवामानाच्या अभ्यासासाठीं ठेविलेली नव्हती. तोडणाऱ्यांना दिलेल्या मजुरीचे हिशेब, नगरसभेचीं दप्तरें, पुढें वर्तमानपत्रांतील बातम्या, यांतून ती इतिहासकारांनीं वेंचून काढली. थॉमा लाबे व त्यांचे सहकारी यांनीं ही माला २०१८ पर्यंत आणून २०१९ मध्यें प्रसिद्ध केली. मजुरीच्या वहीला हवामानाविषयीं खोटें बोलण्याचें कांहींच कारण नसतें. म्हणूनच उष्णतामापक यंत्र निघण्यापूर्वींच्या काळाविषयीं तिची साक्ष मोलाची.

ती साक्ष अशी. १३५४ ते १९८७ या दीर्घ काळांत तोडणी सरासरीनें २८ सप्टेंबरच्या सुमारास सुरू होई. मधूनच एखादा उन्हाळा फार कडक निघे, १५४० सालचा तसा होता, आणि तोडणी लौकर येई. पण पुढें पुन्हां पूर्वींची घडी बसे. १९८८ पासून मात्र सरासरीच १३ दिवस अलीकडे आली. जें वर्ष आजोबांनीं नवल म्हणून सांगावें, तसें वर्ष आतां नेहमींचें झालें आहे.

तेरा दिवसांनीं असें काय बिघडलें, असें कोणी विचारील. आंबा पंधरा दिवस आधीं आला तर आपण तक्रार थोडीच करतों! परंतु द्राक्षाचें पिकणें ही एकच क्रिया नव्हे. गरांत साखर भरते, आंबटपणा उतरतो, आणि सालींत व बियांत रंग, तुरटपणा व सुगंध यांचीं द्रव्यें पक्व होतात. सप्टेंबरचें सौम्य ऊन आणि थंड रात्री यांत या क्रिया एकमेकींचा हात धरून चालत. ऑगस्टच्या तापांत साखर पुढें धांवते आणि साल मागें राहते. हिरव्या सफरचंदांत असतें तेंच मॅलिक आम्ल द्राक्षांतहि असतें. हवा तापलेली राहिली कीं फळ तें आपल्या श्वसनांतच खर्चून टाकतें. साखर वाढली म्हणजे मद्यार्क वाढला: लिटरमागें सुमारें १७ ग्रॅम साखर आंबली कीं १ टक्का मद्यार्क होतो. लौकर तोडावें तर साल कच्ची, थांबावें तर मद्य जड आणि निस्तेज, असा हा पेंच आहे. एके काळीं थंड वर्षीं साखर कमी पडे व ती रसांत वरून घालीत. २००३ च्या भयंकर उन्हाळ्यानंतर त्याच प्रांतांत कित्येकांवर उलट आम्ल मिसळण्याची पाळी आली.

याहून चमत्कारिक संकट थंडीचें. जग तापत असतां थंडीनें पीक जावें हें विपरीत वाटेल, पण त्याची संगति सरळ आहे. हिवाळा सौम्य झाला कीं वेल लौकर जागी होते. एप्रिलांतील गोठविणाऱ्या रात्री मात्र येणें सोडीत नाहींत. मिटलेला डोळा पुष्कळ थंडी सोसतो. कोंवळा कोंब पारा शून्याखालीं दोन-तीन अंश गेला तरी मरतो. २०२१ मध्यें मार्चअखेर उन्हाळ्यासारखी ऊब पडली आणि लगोलग एप्रिलच्या आरंभीं कडक थंडी आली. बागाइतदारांनीं रात्रभर ओळींओळींतून मोठमोठ्या मेणबत्त्या पेटवून ठेविल्या. दुरून पाहणारास ते उतार दीपोत्सवासारखे दिसले. सकाळीं पुष्कळ ठिकाणीं कोंब करपलेले होते. शार्दोने ही पांढरी जात लौकर फुटते, तिची हानि विशेष झाली.

यावरील एक उपाय आपल्या नाशिककडील बागाइतदारास चटकन् समजेल. आपल्याकडे वेल थंडीनें झोंपत नाहीं. तिला कात्री जागी करते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळा सरतांना गोड्या बहाराची छाटणी, आणि छाटणीवरून फळाची तारीख. बर्गंडींतहि कांहीं जण छाटणी मुद्दाम लांबवून कोंब थोडे दिवस मागें ढकलूं पाहतात. पण येथल्याइतकी सत्ता तेथें कात्रीला नाहीं.

दुसरा उपाय जात बदलण्याचा. बोर्दो प्रांतास २०२१ मध्यें सहा नव्या जातींची परवानगी मिळाली, त्यांत पोर्तुगालची तुरिगा नासिओनाल आहे. मात्र बागेच्या शेंकडा ५ भागांत आणि मिश्रणांत शेंकडा १० पर्यंतच. बोर्दोस हें साधेल, कारण तेथील मद्य मुळांतच मिश्रणाचें. बर्गंडीचें नांवाजलेलें तांबडें मद्य एकट्या पिनोचें. तेथें बागेच्या तुकड्यातुकड्याला स्वतंत्र नांव आहे, व अशा तुकड्याला 'क्लिमा' म्हणतात. फ्रेंचमध्यें हवामानालाहि हाच शब्द! २०१५ मध्यें युनेस्कोनें या क्लिमांना जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें. बाटलीवर नांव असतें तें तुकड्याचें, आणि त्या नांवाखालीं अमुकच जात असावी असा कायदा. तुकडा जागच्या जागीं राहून त्याचें हवामान उत्तरेस निघून गेलें, तर त्या नांवाचें काय करावयाचें? शँपेन प्रांतांतील तेतँझे या मोठ्या पेढीनें २०१५ मध्यें इंग्लंडच्या केंट परगण्यांत जमीन घेतली. वाडवडिलांच्या दोन एकरांवर जगणारास तें कसें साधावें?

माझ्या मतें कायद्यानें तेथें थोडी ढील द्यावी. पिनोचें राज्य तरी एका ड्यूकच्या हुकुमानेंच बळावलें होतें. घाई मात्र कोणालाच करतां येणार नाहीं. नवी वेल तिसऱ्या-चौथ्या वर्षीं उपयोगी फळ देते आणि पुढें चाळीस-पन्नास वर्षें उभी राहते, म्हणजे जुनी ओळ काढून नवी लावणारा बागाइतदार आपल्या नातवाच्या उन्हाळ्याचा अंदाज बांधीत असतो. सध्यां कांहीं जण पिनोच्याच उशिरां पिकणाऱ्या वेली निवडून लावीत आहेत. कांहीं जण उताराच्या वरच्या अंगाला सरकले आहेत, जेथें पूर्वीं गारठ्यामुळें द्राक्ष धड पिकत नसे.