दप्तर फिरलं, दांडा तिथंच



कागद जपणारे म्हटलं की आपल्याला इतिहाससंशोधक राजवाडे आठवतात. गावोगाव हिंडून त्यांनी दप्तरं धुंडाळली आणि 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड काढले. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे शाळेत संस्कृत शिकवत आणि पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रं निवडून 1897 पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापत. त्यांचं ऋण मोठंच आहे. पण ही दप्तरं सरदारांची, कारभाऱ्यांची. नाखव्याच्या घरची वही त्या वाटेवर नव्हती.

आपल्याकडं आणखी एक घोळ आहे. आपलं मासेमारांचं गाव दांडा होतं तिथंच राहिलं, दप्तर मात्र फिरत राहिलं. दांडा ज्यात येतो ती साष्टी पोर्तुगीजांकडून 1737 साली मराठ्यांनी घेतली, 1774च्या अखेरीस ती इंग्रजांकडं गेली. मग ठाणे जिल्हा, 1920 साली उपनगर जिल्हा, 1950 साली मुंबई महापालिका, आणि 1990 साली पुन्हा वेगळा उपनगर जिल्हा. पणजोबांची नोंद ठाण्यात, आजोबांची वांद्र्यात आणि वडिलांची वॉर्डात, अशी वणवण करायची वेळ येते. सगळे कागद एकाच जागी मिळाले तर ते आजीच्या पत्र्याच्या पेटीत.

त्या पेटीत शाळा सोडल्याचा दाखला असतो, घरपट्टीची पावती, नौकेची नोंदणी, जुनं रेशनकार्ड. हे आपण जपतो, कारण जातपडताळणीला साहेब 1967च्या आधीचा पुरावा मागतो. 2023 साली न्यायमूर्ती शिंदे समितीनं कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा तहसिलांतली धूळ खात पडलेली जन्ममृत्यूची रजिस्टरं बाहेर निघाली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. गावच्या कोतवालानं केलेली एका ओळीची नोंद अशी शंभर वर्षांनी कामाला येते.

पण जी वही कुठलाच साहेब मागत नाही, ती आपण रद्दीत घालतो. बोटीच्या हिशोबाची वही. माझ्या मते पेटीतला सगळ्यात मोलाचा कागद तोच. लाल पुठ्ठ्याची, कडा खाऱ्या पाण्यानं फुगलेली. तारखेच्या जागी तिथी, कारण उधाण-भांगाचं, म्हणजे मोठ्या आणि लहान भरतीचं, गणित तिथीवर चालतं. अष्टमीला भांग, पुनवेला उधाण. पुढं डिझेल, बर्फ, दोरी, खलाशांना दिलेली उचल आणि शेवटी वाटे. अशा वीस वर्षांच्या वह्या ओळीनं मांडा. डिझेलचे लिटर वाढत गेले आणि मासळीच्या पाट्या तेवढ्याच राहिल्या, तर मासा किनाऱ्यापासून किती लांब गेला हे वेगळं सांगायला नको. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था 1947 पासून आहे. तिचे आकडे अख्ख्या किनाऱ्याचे. एका बोटीचा, एका घरचा जमाखर्च त्यांत दिसत नाही. बायकांचा हिशोब तर वहीतही दिसत नाही! कुठल्या बिल्डिंगीत कोणाकडं किती उधारी, हे सगळं मासळी विकणाऱ्या टोपलीवालीच्या डोक्यात. तो आत्ताच बसून लिहून घ्यायला हवा, वहीसारखा तो पेटीत सापडणार नाही.

जपायचं कसं? लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. दोन्हींनी कागद कायमचा बिघडतो. दमट वही प्लास्टिकच्या पिशवीत बांधली की बुरशी धरते. जुन्या दप्तरखान्यांत कापडी रुमालात बांधत, तेच बरं. आणि बोंबील उन्हात वाळवतात म्हणून कागद उन्हात घालू नका, त्याला सावलीतला वारा पुरतो. पेटीत काय काय आहे याची एक यादी करून वर ठेवा. पोरांना मोबाइलवर फोटो काढू द्या, पण फोटो निघाला म्हणून मूळ वही फेकू नका.

1 जूनला मासेमारी बंद होईल, ती 31 जुलैपर्यंत. बोटी वर ओढायची धांदल सुरू व्हायच्या आत, हवा कोरडी आहे तोवर, घरातली पेटी उघडा. हिशोबाची वही सापडली तर आधी पहिल्या पानावर बोटीचं आणि नाखव्याचं नाव लिहा. ते सांगू शकणारं माणूस आज घरात आहे.