शेजाऱ्याचें जोतें

घर बांधतांना पहिला विचार जोत्याचा करावा लागतो. खिडकी मागाहून मोठी करतां येते, छप्पर बदलतां येतें. जोतें मात्र एकदां बसलें कीं बसलें. कोंकणांतल्या साध्या घरालाहि दोन-तीन पायऱ्या चढून ओटीवर जावें लागतें. आषाढांत अंगणांत साचणारें पाणी उंबरठ्याला शिवूं नये, ही जाण घरधन्याला आणि गवंड्याला सारखीच होती. मुंबईंत हीच जाण बांधकामाच्या नियमांत उतरली आहे. ती तेथें पुरी कां पडत नाहीं, हें परळ-लालबागच्या रहिवाशांकडे पाहिलें म्हणजे कळतें.

प्रथम जमिनीचा स्वभाव पाहिला पाहिजे. मुंबई मूळची सात बेटांची. महालक्ष्मी व वरळी यांमधील खिंडार अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबी वेलार्ड या बांधानें बुजविलें गेलें. त्यामुळें आंतली खाजणाची जमीन समुद्रापासून सुटली, पण उंच झाली नाहीं. पुढें तिच्यावर भराव पडले. गिरण्या आणि चाळी उभ्या राहिल्या. प्लेगच्या सांथीनंतर १८९८ सालीं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला व दादर-माटुंग्यास आखीव वसाहती वसल्या. तथापि मधल्या भागाचा बशीसारखा आकार गेला नाहीं. हिंदमाता हा त्या बशीचा तळ होय. शिवाय शहराच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस, आणि तोहि ओहोटीच्या वेळीं, वाहून नेण्याच्या हिशेबानें बांधलेल्या. भरती आणि मुसळधार पाऊस एकदमच आले, तर पाणी जाणार कोठें?

यावर नियमांचें उत्तर असें : पूर येणाऱ्या भागांत जोतें पुराच्या सर्वोच्च पातळीहून निदान ६० सेंटिमीटर वर असावें. परवानगीच्या अटींत आणखी एक परिचित अट असते. सखल भूखंड मुरूम, माती, दगड यांनीं भरून, टाउन हॉलच्या मोजणीप्रमाणें ९२ फूट किंवा लगतच्या रस्त्यापेक्षां ६ इंच, यांपैकीं जी पातळी अधिक असेल तिथवर उंच करावा. ज्या टाउन हॉलच्या नांवानें ही पातळी मोजतात, तो १८३३ सालीं पुरा झाला. एशियाटिक सोसायटीचें ग्रंथालय आहे तीच ही इमारत.

नियम शहाणपणाचा आहे. परंतु तो एकेका भूखंडाकडे सुटा सुटा पाहतो. पाणी तसें पाहत नाहीं. हजार चौरस मीटरचा एक सखल भूखंड अर्धा मीटर उंचावला, तर पूर्वीं तेथें मावणारें पांच लक्ष लिटर पाणी दुसरीकडे जातें. दुसरीकडे म्हणजे बहुधा शेजारच्या जुन्या चाळींत! त्यांत रस्त्यावर डांबराचा थरावर थर चढतो. ज्या चाळीच्या खोलींत शिरतांना एके काळीं दोन पायऱ्या चढाव्या लागत, तिच्यांत आतां एक पायरी उतरून जावें लागतें. मोरीचें पाणी बाहेर जाण्याऐवजीं रस्त्याचें पाणी मोरींतून आंत येतें. पलंगाचे पाय विटांवर, धान्याचे डबे फळीवर, मुलांचीं पुस्तकें त्याहून वर, ही व्यवस्था तळमजल्यावरच्या कुटुंबाला दर पावसाळ्यांत करावी लागते. नव्या इमारतीनें नियम पाळला, आणि त्याची किंमत नियमांत नांवहि नसलेल्या शेजाऱ्यानें दिली.

महापालिका स्वस्थ बसली आहे असें नव्हे. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाल्यावर वाहिन्यांची शक्ति तासाला ५० मिलिमीटरपर्यंत वाढविण्याच्या कामास वेग आला. रे रोडजवळ पाणी उपसून समुद्रांत टाकणारें ब्रिटानिया पंपिंग स्टेशन २०१६ सालीं सुरू झालें. पुढें हिंदमात्याच्या पाण्यासाठीं दादरचें प्रमोद महाजन उद्यान व परळचें सेंट झेवियर मैदान यांच्या पोटांत मोठ्या टाक्या बांधल्या गेल्या. भरती असेतोंवर पाणी तेथें थांबवावें, ओहोटी लागली कीं सोडावें, अशी ही योजना.

या टाक्यांचें तत्त्व जर सार्वजनिक मैदानाला लागू पडतें, तर खासगी भूखंडाला कां पडूं नये? भरावानें जितक्या पाण्याची जागा घेतली, तितकें पाणी कांहीं तास आपल्याच आवारांत धरून ठेवण्याची सोय नव्या इमारतीनें करावी. मोठ्या भूखंडांवर पावसाचें पाणी सांठविण्याची सक्ति २००२ पासून आहे. तिला या हेतूची जोड देणें अवघड नाहीं. नकाशांत शेजारच्या घरांच्या जोत्यांची पातळी दाखविल्याशिवाय मंजुरी मिळूं नये. आणि रस्त्यावर नवा थर घालण्यापूर्वीं जुना खरवडून काढावा, म्हणजे सबंध गल्लीची पातळी एकदां ठरली कीं ठरलेलीच राहील.

सध्यां गिरगांवच्या वाड्यांपासून दादरच्या गल्ल्यांपर्यंत जुन्या इमारतींच्या पुनर्बांधणीच्या सभा भरत असतात. सभासद चटईक्षेत्र विचारतात, लिफ्ट किती विचारतात, मोटारी कोठें उभ्या राहतील तेंहि विचारतात. हे प्रश्न योग्यच आहेत. त्यांच्या जोडीला आणखी एक प्रश्न टिपणवहींत घालावा : आपलें जोतें उंच झाल्यावर पलीकडच्या चाळीच्या दारांत किती पाणी चढेल? वास्तुशिल्पज्ञाकडून याचें उत्तर आंकड्यांत मागून घ्यावें, आणि तें मिळेपर्यंत नकाशावर सही करूं नये.