तेलकट जेलचे पाण्यांतील सूक्ष्म कण

तेल आणि पाणी यांचें वैर प्रसिद्धच आहे. वैद्यकशास्त्राला मात्र तें फार महाग पडतें. कित्येक गुणकारी औषधें तेलांत विरघळतात, पाण्यांत विरघळत नाहींत; आणि रक्त तर बहुतांशीं पाणीच! औषध हाताशीं असूनही तें रोग्याच्या शरीरांत पुरेसें पोंचत नाहीं.

या अडचणींतून वाट काढूं पाहणारा एक स्निग्ध पदार्थ म्हणजे मोनोओलीन. ऑलिव्हच्या तेलांतील मुख्य आम्ल आणि ग्लिसरीन यांच्या संयोगानें तो बनतो. त्याच्या रेणूचें डोकें पाण्याकडे ओढ घेतें, शेपूट पाण्यापासून दूर पळतें. पाण्याशीं गांठ पडतांच हे रेणू दुहेरी पडदे रचतात. पडदे वांकून त्यांचें जाळें होतें आणि त्यांतून पाण्याच्या अतिसूक्ष्म नळ्या सर्व दिशांना धांवतात. तेलांत विरघळणारें औषध पडद्यांत राहतें, पाण्यांत विरघळणारें नळ्यांत. आणि दोन्हीं सावकाश बाहेर झिरपतात.

परंतु हा जेल इतका घट्ट, कीं बारीक सुईंतून तो जावा कसा? १९८० नंतरच्या दशकांत स्वीडनमधील कोरे लार्सन आणि इतर संशोधक यांनीं या जेलचे कण पाण्यांत पसरविण्याचा अभ्यास केला. या कणांना ‘क्यूबोसोम’ म्हणतात. एक घन सेंटिमीटर जेलचे २०० नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर त्यांचें एकूण पृष्ठ ३० चौरस मीटर भरतें. एवढें पृष्ठ उघडें राहिल्यास कण पुन्हां एकमेकांस चिकटणारच. म्हणून साबणाच्या जातीचें पोलोक्सामर ४०७ हें द्रव्य घालतात. त्याचा मधला भाग कणाला धरून राहतो आणि दोन्हीं टोंकें पाण्यांत पसरून शेजाऱ्याला दूर ठेवतात. मात्र येथें प्रमाण सांभाळावें लागतें. द्रव्य कमी पडलें तर गुठळ्या होतात. फार झालें तर आंतील जाळेंच बिघडतें.

आणखीही एक धोका आहे. मोनोओलीन रक्तांतील तांबड्या पेशी फोडूं शकतें. त्यामुळें हे कण शिरेंतून देणें सोपें नाहीं. याच तत्त्वावरील, शरीरांत गेल्यावर जेल होणारें ब्यूप्रेनॉर्फिनचें इंजेक्शन मात्र २०१८ सालीं युरोपांत मान्य झालें. अफूजन्य व्यसनाच्या रोग्यास तें आठवड्यांतून किंवा महिन्यांतून एकदांच पुरतें. रोजच्या गोळीचा मोह आणि विसर या दोहोंतून रोगी सुटतो. तेल-पाण्याचें वैर मिटलेलें नाहीं. त्या वैरालाच शास्त्रानें कामाला लावलें आहे.