तेलाचा दुवा

मोटारीचे इंजिन आणि तिची चाके यांची गाठ कोठेतरी घालावीच लागते. हाताने गिअर बदलावयाच्या गाडीत हे काम फ्लायव्हील आणि क्लच करतात. आपोआप गिअर बदलणाऱ्या अनेक गाड्यांत मात्र जड फ्लायव्हीलच्या जागी पोलादाची पातळ दातेरी चकती असते व तिला टॉर्क कन्व्हर्टर जोडलेला असतो. हे तेलाने भरलेले गोल भांडेच होय. त्यातील एक पंखचक्र तेल फेकते, दुसरे त्या तेलाच्या वेगाने फिरते आणि मधले तिसरे परतणाऱ्या तेलाला दिशा देऊन जोर वाढविते. जर्मन अभियंते हेर्मान फ्योटिंगर यांनी १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले, ते जहाजांसाठी. १९४८ मध्ये ती ब्यूइक मोटारीत आली.

हे यंत्र उतरविताना क्रमाला फार महत्त्व आहे. प्रथम बॅटरीची तार सोडावी आणि गाडी केवळ जॅकवर न ठेवता भक्कम टेकूंवर उभी करावी; कारण खाली माणूस काम करणार असतो. मग इंजिन हाताने थोडे थोडे फिरवून चकतीचे बोल्ट एकेक करून समोर आणावेत व सोडावेत. त्यानंतर गिअरबॉक्स कन्व्हर्टरसह मागे घ्यावी. तेलाने जड झालेला कन्व्हर्टर निसटून पडू नये म्हणून तो धरून ठेवावा लागतो. शेवटी चकती काढून तिचे दाते झिजले आहेत काय, तिला तडे गेले आहेत काय, हे पाहावे.

खरी परीक्षा असते ती जोडणीच्या वेळी. कन्व्हर्टर गिअरबॉक्समध्ये तीन ठिकाणी बसावा लागतो: दोन दांड्यांच्या खाचांत आणि तेलाच्या पंपात. तो हळूहळू फिरवीत आत सरकवावा, म्हणजे टप्प्याटप्प्याने खोल जातो. यानंतर गिअरबॉक्स इंजिनाला हाताच्या जोरानेच सपाट भिडली पाहिजे, आणि कन्व्हर्टर व चकती यांच्यात थोडी फट उरली पाहिजे. ती फट नसेल, तर कन्व्हर्टर पुरता बसलेला नाही असे समजावे. अशा वेळी उतावीळ कारागीर बोल्ट आवळून दोन्ही भाग जवळ ओढतो. बोल्ट आवळले जातात. परंतु आत पंप फुटतो, आणि इंजिन सुरू होताच सारी मेहनत वाया जाते. जाणता कारागीर तेथेच थांबतो, गिअरबॉक्स पुन्हा मागे घेतो आणि कन्व्हर्टर आणखी एकदा फिरवून पाहतो.