बुरशी आणि विषारी धातु

शिळा पाव डब्यांत तसाच राहिला, कीं त्याच्यावर राखी रंगाची लव उगवते. गृहिणी तो नाक मुरडून फेंकून देते, आणि तें योग्यच आहे. परंतु याच बुरशीच्या जातभाईंकडून शास्त्रज्ञ आज एका बिकट कामाची अपेक्षा करीत आहेत. कारखान्यांच्या सांडपाण्यानें व खाणींच्या गाळानें दूषित झालेल्या माती-पाण्यांतून शिसें, कॅडमियम, युरेनियम यांसारखे जड धातु दूर करावयाचे, हें तें काम.

सेंद्रिय घाण कुजते व कालांतरानें नाहींशी होते. धातूचें तसें नाहीं. त्याला कोणताहि जीव खाऊन संपवूं शकत नाहीं. फार तर त्याची जागा किंवा रूप बदलतें. म्हणून बुरशीनें विष काढलें, असें ऐकतांच श्रोत्यांनीं विचारावें: मग तें गेलें कोठें?

या प्रश्नाचें महत्त्व युरोपला घरांतच कळलें. स्वीडनच्या शीले या रसायनशास्त्रज्ञानें १७७५ मध्यें तांबें व सोमल यांपासून एक सुरेख हिरवा रंग तयार केला. एकोणिसाव्या शतकांत भिंतींवर चिकटविण्याच्या कागदांना तो सर्रास देत. अशा ओलसर खोल्यांत माणसें आजारी पडत असल्याच्या तक्रारी होऊं लागल्या. त्या शतकाच्या अखेरच्या दशकांत इटलींतील गोझिओ यांनीं दाखविलें, कीं बुरशी सोमलापासून लसणीसारख्या वासाचा वायु निर्माण करते. पुढें १९३० नंतर इंग्लंडांत लीड्स येथें चॅलेंजर यांनीं त्या वायूची रासायनिक घटना निश्चित केली. त्या वायूनेंच माणसें आजारी पडलीं कीं काय, याविषयीं आजचे संशोधक साशंक आहेत. परंतु कागदांतून गेलेलें विष हवेंत मिसळलें, एवढें खरें.

दुसरा मार्ग अधिक भरंवशाचा आहे. बुरशीच्या पेशींना कायटिन इत्यादि द्रव्यांचें कवच असतें, व त्याला पाण्यांत विरघळलेला धातु चिकटतो. यासाठीं बुरशी जिवंत असण्याचीहि आवश्यकता नाहीं. कॅनडांत माँट्रियल येथील त्सेझोस व व्होलेस्की यांच्या १९८१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, पावावरील बुरशीच्याच वंशांतल्या रायझोपसच्या एक ग्रॅम मृत बुरशीनें १८० मिलिग्रॅमहून अधिक युरेनियम धरून ठेवलें. मात्र पुढें ती बुरशी योग्य द्रावणानें धुऊन धातु वेगळा करावा लागतो. न केल्यास विषाचें गाठोडें केवळ एका हातांतून दुसऱ्या हातांत जातें.

तिसऱ्या मार्गांत धातु जागच्या जागींच बांधला जातो. स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठाच्या गॅड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१२ मध्यें दाखविलें, कीं बुरशीच्या कांहीं जाती शिशाचें पायरोमॉर्फाइट नांवाच्या खनिजांत रूपांतर करतात. हें खनिज पाण्यांत अत्यल्प विरघळतें. त्यामुळें शिसें मातींत राहिलें, तरी विहिरीच्या पाण्यांत सहजासहजीं उतरत नाहीं.

काचपात्रांत साधलेलें नदींत साधेलच, असें मात्र नाहीं. शिवाय, दूषित जमिनींत उगवलेलीं अळंबीं कॅडमियमसारखे धातु आपल्या अंगांत साठवितात. तीं कितीहि टवटवीत दिसलीं, तरी ताटांत येतां कामा नयेत. बुरशी ओझें उचलते. तें कोठें उतरवावयाचें, हें माणसानेंच ठरवावयाचें असतें.