ड्रायव्हरनं ऐकायचं, सांगायचं आपण

हंगाम सुरू झाल्यापासून तुमच्यापैकी पुष्कळजणी विचारताहेत की, पहाटे आणि संध्याकाळी आपल्या रेडिओवर हे रस्त्याचे निरोप कशाला लावलेत? बचत गटाच्या बायकांचं ट्रॅक्टरवाल्यांशी नि वडापवाल्यांशी काय काम? त्याचं उत्तर आज जरा सविस्तर देतो.

आमचा भाग कराड-विटा रस्त्याच्या आजूबाजूचा. टेंभूचं पाणी आलं तसा ऊस वाढला, आणि ऊस वाढला तशा रस्त्यावर ट्रॉल्या वाढल्या. आपली गवार, मिरची पहाटे बाजारात जाते ती पिकअपमधून. दूध जातं ते छोट्या टेम्पोतून. बाळंतपणाला आलेली लेक दवाखान्यात पोचते ती पुष्कळदा वडापच्या जीपमधूनच. आपल्यापैकी स्टिअरिंगला हात लावणाऱ्या चार-पाचजणीच असतील, पण आपला सगळा संसार कुणाच्या तरी गाडीत बसलेला असतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या एका गटातल्या ताईंनी गटाचं कर्ज काढून पिकअप घेतला. गाडी त्यांचे मालक चालवायचे. डिसेंबरातल्या एका रात्री साडेनऊला ते माल टाकून परत येत होते. वळणावर उसानं भरलेली ट्रॉली उभी होती. तिचा अ‍ॅक्सल तुटलेला, मागं दिवा नाही, रेडियमची पट्टी नाही. समोरून येणाऱ्या गाडीच्या उजेडात डोळे दिपले आणि पिकअप ट्रॉलीत घुसला. जीव वाचला, पण पाय दोन ठिकाणी मोडला. पाच महिने गाडी बंद, कमाई बंद, हप्ता बंद. गटानं सांभाळून घेतलं, तरी त्या ताईंना बैठकीला यायची लाज वाटायची. आम्ही घरी जाऊन त्यांना घेऊन यायचो.

एका बैठकीत त्या बोलून गेल्या, "ती ट्रॉली सात वाजताच माझ्या जाऊबाईंनी बघितली होती. शेतातनं येताना. घरी येऊन म्हणाल्यासुद्धा, कुणीतरी धडकणार बघा म्हणून."

आम्ही सगळ्या गप्प झालो. सातला जे एका बाईला माहीत होतं, ते साडेनऊला तिच्याच दिराला माहीत नव्हतं. मधे अडीच तास होते.

तिथून हा विचार सुरू झाला. पहिल्यांदा सुचला तो व्हॉट्सअ‍ॅपचा गट. तरण्या पोरींनी लगेच काढलासुद्धा. आठ दिवसांत त्यात शुभ सकाळची फुलं, वाढदिवस आणि कुणाच्या तरी म्हशीचा फोटो. आणि खरी अडचण वेगळीच. तो निरोप वाचायला ड्रायव्हरला फोन हातात घ्यावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हातात फोन धरून गाडी चालवणं हे कायद्यानं धोकादायक चालवणं ठरतं. दंड बाजूला ठेवा, अपघात टाळायला काढलेल्या सोयीनंच अपघात व्हायचा. रेडिओला हात लागत नाहीत, डोळे लागत नाहीत. म्हणून आम्ही आपल्या केंद्रावर आलो.

असं करणारे आपण पहिले नव्हे. थायलंडमध्ये बँकॉक शहरात १९९१ पासून जेएस १०० नावाचं रेडिओ केंद्र आहे. ऐकणारेच फोन करून कळवतात की अमक्या चौकात कोंडी झालीय, तमक्या पुलावर गाडी बंद पडलीय, आणि केंद्र ते सगळ्यांना सांगतं. टॅक्सीत विसरलेली पिशवीसुद्धा लोक त्या रेडिओमार्फत शोधतात. पण ते मोठं शहर. तिथं कोंडीत गाडी उभी असते, माणूस निवांत फोन करू शकतो. आपल्याकडं रस्ता मोकळा आणि गाडी पळती. मग कळवायचं कुणी?

यावर आमची बरीच वादावादी झाली आणि शेवटी ठरलं ते हे: ड्रायव्हरनं फक्त ऐकायचं, सांगायचं आपण. रस्त्याकडेला कोण असतं? चहाची टपरी चालवणारी असते, डेअरीवर दूध घालायला आलेली असते, अंगणवाडीची सेविका असते, पंक्चरवाल्याची बायको असते, शेतातून परतणाऱ्या तर आपण सगळ्याच. दिवसभर रस्ता आपल्या डोळ्यांसमोर असतो. जीपमधली बाईही कळवू शकते, ड्रायव्हरच्या शेजारी बसलेली असली तरी. चालवणाऱ्याचा फोन मात्र केंद्र घेत नाही. मागून गाडीचा आवाज आला की आमची मुलगी म्हणते, "दादा, गाडी कडेला घ्या आणि मग बोला." दोघं-तिघं रागावले. रागावू देत.

मग प्रश्न आला ठिकाणाचा. एक लांब कागद अंथरून आम्ही रस्ता काढायला बसलो. एकाच वळणाला वरच्या गावच्या बायका बाभळीचं वळण म्हणतात आणि खालच्या गावच्या म्हसोबाचं. बाभूळ तर कधीच तोडली! त्यात हंगामात ऊस ओढणारे बरेच ड्रायव्हर मराठवाड्यातून आलेले; त्यांना ना आपली बाभूळ माहीत ना म्हसोबा. म्हणून प्रत्येक जागेला एकच नाव पक्कं केलं आणि पुढं जवळच्या मोठ्या गावापासूनचं अंतर जोडलं. आता निरोप असा असतो: "म्हसोबाचं वळण, कडेगावपासून चार किलोमीटर, विट्याकडं जाताना डाव्या हाताला ट्रॉली उभी आहे. सव्वासातला बघितली. गाडी हळू घ्या." कुठं, कोणत्या अंगाला, कधी बघितली आणि काय करायचं. एवढंच. हळहळ नको, उपदेश नको.

आपल्या केंद्राचा आवाज फार लांब जात नाही. सामुदायिक रेडिओला साधारण १०० वॅटचीच परवानगी असते, म्हणजे चहूबाजूंना दहा-पंधरा किलोमीटर. समजा बारा धरले, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत चोवीस किलोमीटर. चाळीसच्या वेगानं चाललेली जीप छत्तीस मिनिटांत आपल्या आवाजाबाहेर जाते. तासाला एकदा सांगितलं तर पाचातल्या दोन गाड्यांच्या कानावर पडणारच नाही. म्हणून दर पंधरा मिनिटांनी निरोप सांगतो, म्हणजे हा पट्टा पार करणाऱ्याच्या कानावर तो दोनदा तरी पडतो. मधल्या वेळात गाणी, बाजारभाव, ओव्या. नुसत्या सूचना ऐकायला कुणी रेडिओ लावत नाही.

आणि निरोप शिळा होतो, हे आम्ही ठेच खाऊन शिकलो. सुरुवातीला एक बंद पडलेला टेम्पो आम्ही दुपारपर्यंत सांगत होतो. तो सकाळीच निघून गेला होता. दोन दिवसांनी ड्रायव्हर हसायला लागले. आता एका तासानं केंद्रातून परत फोन जातो, "ताई, अजून आहे का तिथं?" उत्तर मिळालं नाही तर निरोप काढून टाकतो. गाडी निघून गेली तरी एक गोष्ट मात्र विचारतोच: दगड उचलले का? आपल्याकडं गाडी बंद पडली की मागं दगड मांडतात, झाडाची फांदी ठेवतात. गाडी दुरुस्त होऊन जाते, दगड तिथंच. रात्री मोटारसायकलवाल्याला ते दगड ट्रॉलीइतकेच वाईट.

याहून मोठी चूक सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगतो. पहिल्याच महिन्यात एका संध्याकाळी निरोप आला की ओढ्याच्या पुलाजवळ पांढरा पिकअप उलटलाय, ड्रायव्हरला लागलंय. आम्ही तसंच सांगून टाकलं, रंगासकट. आमच्याच एका गटातल्या आजी चुलीजवळ रेडिओ ऐकत होत्या. त्यांच्या नातवाचा पिकअप पांढरा. पोराचा फोन लागेना. आजी तशाच अनवाणी रस्त्यावर धावत सुटल्या. नातू अर्ध्या तासात सुखरूप घरी आला, पण आजींचं रक्तदाब तपासणं, सलाईन, सगळं झालं. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या त्यांच्यापुढं जाऊन बसलो. त्या म्हणाल्या, "बंद नका करू. पण कुणाचं लेकरू हाय ते घरच्यांना कळल्याबिगर बोलू नका." तेव्हापासून अपघाताच्या निरोपात गाडीचा रंग नाही, नंबर नाही, कुणाला किती लागलं हे नाही. फक्त रस्ता कुठं अडलाय तेवढं. चूक कुणाची हेही बोलायचं नाही. बातम्या देणं हे तसंही आपल्या केंद्राचं काम नव्हे. रहदारी, हवामान, पाणी-वीज अशा सूचना आपण देऊ शकतो, आणि तेवढ्यात राहतो. अपघात बघणाऱ्या बाईनं आधी १०८ किंवा ११२ ला फोन करायचा, मग आपल्याला. मदत करणाऱ्याला स्वतःचं नाव सांगायची सक्ती करता येत नाही, अशी कायद्यातच सोय आहे. त्यामुळं पोलिसांच्या भीतीनं मागं सरू नका.

नावावरून आठवलं. आम्हाला वाटलं होतं, बायका म्हणतील आमचं नाव रेडिओवर नको. ड्रायव्हर लोकांना आपले नंबर मिळतील ही घरच्यांची भीतीही खरी होती, म्हणून नंबर केंद्राबाहेर जातच नाही. पण टपरीवाल्या मावशी म्हणाल्या, "एवढं उन्हातान्हात बघून सांगायचं आणि नाव नको? घ्या माझं नाव!" मग ज्यांना हवं त्यांचं घेतो, बाकीच्यांचं फक्त "एका ताईंनी कळवलंय". एकटी मुलगी थांब्यावर उभी आहे, असल्या गोष्टी मात्र काळजीपोटी कळवल्या तरी हवेत सोडत नाही. तिच्या घरी किंवा ११२ ला फोन करतो.

न सुटलेल्याही गोष्टी आहेत. ट्रॅक्टरवर स्पीकरच्या एवढ्या भिंती असतात की मागचा हॉर्न ऐकू येत नाही, तिथं आपला रेडिओ कोण लावणार? काही ड्रायव्हरांना ऊस भरताना फडात गाठून आमच्या बायका बोलल्या. त्यातल्या चौघांनी आपल्या ट्रॉल्यांना आमच्याच हातून रेडियम पट्ट्या लावून घेतल्या. बैलगाड्यांना पट्टी लावायचं काम त्याहून सोपं गेलं, कारण तिथं ऊसतोडीच्या बायका होत्या; पहाटे तीनला त्यांची पोरं त्याच गाडीवर झोपलेली असतात.

दुसरी अडचण रात्रीची. निरोपांची खरी गरज सात ते अकरा. पण रात्री अकराला केंद्रातून मुलगी घरी जाणार कशी? आज आम्ही नऊला थांबतो. साडेनऊला काय झालं होतं ते आठवतं, आणि थांबताना दर रात्री टोचतं. केंद्राला लागून राहणाऱ्या दोन ताई तयार आहेत, त्यांच्या मानधनाचे पैसे कमी पडताहेत. गॅरेजवाल्यांकडून आणि टायरच्या दुकानातून जाहिराती मिळतात का, ते बघणं चालू आहे.

पिकअपवाल्या त्या ताई आता संध्याकाळच्या पाळीला फोन घेतात. मालक पुन्हा गाडी चालवतात, थोडे लंगडतात. त्यांचा हप्ता नियमित सुरू झालाय.

येत्या बैठकीला येताना प्रत्येक गटानं आपल्या गावच्या रस्त्यावरच्या चार अवघड जागा लिहून आणा. नाव, जवळच्या मोठ्या गावापासूनचं अंतर आणि तिथं दिवसभर कोण असतं ते. ज्यांच्या घराचं दार रस्त्याकडं उघडतं, त्यांना मुद्दाम सोबत घेऊन या.