आपली खिडकी फुटणार का?
(गच्चीवरील आकाशदर्शनाच्या वेळी केलेले भाषण)

मंडळी, ‘२०२४ वायआर४’ हा लघुग्रह आठवतो ना? फेब्रुवारी २०२५मध्ये आपल्या ग्रुपवर ‘मुंबईवर दगड पडणार’ असे मेसेज फिरत होते. अगदीच थाप नव्हती ती. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता ३.१ टक्क्यांवर गेली होती आणि संभाव्य पट्टा अरबी समुद्रावरून दक्षिण आशियात येत होता. आठवड्याभरात ती जवळपास शून्यावर आली. लोक म्हणाले, शास्त्रज्ञांना काही कळत नाही!

अहो, खाली पोरांनी चेंडू उंच मारला, की पहिल्या क्षणी चाळीसपैकी कुठलीही खिडकी फुटू शकते. थोडा पुढे आला, की दहाच उरतात. त्यात आपली असली, तर धोका वाढला. चेंडू तोच, वाटही तीच. आपल्याला जास्त दिसलं एवढंच. मग कळतं, तो बागेत पडणार. कक्षेचं गणित असंच. निरीक्षणं वाढतात तसा अनिश्चिततेचा पट्टा आकसतो. पृथ्वी त्यात असेतो टक्का चढतो, बाहेर पडली की कोसळतो.

म्हणून हसण्यावारी नेऊ नका. लोणारचं विवर अशाच आघाताचं आहे. मला धास्ती वाटते ती निराळ्याच गोष्टीची. हा दगड पृथ्वीजवळून गेला २५ डिसेंबर २०२४ला. आपल्याला दिसला २७ डिसेंबरला.